हळदीची बाजू

आमच्या जाऊबाईंना वास येत नाही, हे सगळ्या वस्तीत मला एकटीला माहीत होतं, आणि आठ वर्षं मी ते पोटात ठेवलं. माझ्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही, असं आमचे हे चारचौघांत सांगत असतात. त्यांनी हे जरूर वाचावं.

मला कळलं ते दुधापायी. मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते, तर घरातून करपल्याचा वास आला. आत येऊन बघते, तर दूध तळाला लागून काळं झालेलं, आणि जाऊबाई शेगडीकडे पाठ करून दोन हातांवर बसलेल्या, शेंगा सोलतायत. अगदी निवांत. मी पातेलं उतरवलं. त्यांनी पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की पुढचं विचारायची मला गरजच पडली नाही. "कुणाजवळ बोललीस तर याद राख," एवढंच म्हणाल्या आणि पातेलं घासायला घेतलं.

दुसऱ्या कुणाला वास येईनासा झाला असता तर कुणी ढुंकून विचारलं नसतं. पण या बाईचं सगळं नाव नाकावर उभं होतं. बावीस वर्षं त्या मसाल्याच्या कारखान्यात होत्या. आधी चाळणीवर. तिथे दिवसभर पुडीचा धुरळा उडायचा, इतका की संध्याकाळी घरी आल्या की पापण्यांचे केससुद्धा पिवळे दिसायचे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की या बाईला नुसत्या वासावरून धने जास्त भाजलेत की कमी ते कळतं, मिरी ओल लागलेली आहे का कळतं, दालचिनीत भलतं साल मिसळलंय का ते कळतं. तेव्हापासून माल पाकिटांत जायच्या आधी मॅनेजर स्वतः चिमूटभर मसाला कागदावर घेऊन यायचे आणि जाऊबाईंच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. बायका त्यांना नाकवाल्या बाई म्हणायच्या, आणि ते नाव वस्तीत रुळलं.

आणि तेच नाक गेलं. एकदम नाही, हळूहळू. आधी वेलची गेली, मग बडीशेप, मग एक दिवस सगळंच. दोन वर्षं त्यांनी रेटून नेलं. पूड बोटांत चोळून, रंग बघून, आणलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून अंदाज घेऊन. मग एकदा जळक्या धन्यांचा आख्खा घाणा त्यांनी पास केला. माल परत आला. बोलणी कुणी खाल्ली? भट्टीवरच्या माणसाने, सगळ्यांच्या देखत. त्याने तर सकाळीच सांगितलं होतं म्हणे, की बाई, जरा बघून घ्या, आज आच जास्त झालीये. जाऊबाईंनी दुसऱ्या दिवशी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं आणि काम सोडलं. त्यांचे गुडघे आजही माझ्यापेक्षा बरे आहेत.

घरी बसणाऱ्यांतली ती बाईच नाही. महिन्याभरात घरामागे शेड उभी राहिली, आणि चारशे तलंगा आल्या, म्हणजे अंड्यावर यायला टेकलेल्या कोंबड्या. मोठ्या भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, जाळ्या ठोकून दिल्या आणि मग नेहमीसारखे गप्प बसले. अंडी गोळा करायला, मोजायला आणि बोलायला मी.

मसाल्याचं त्यांच्या डोक्यात आलं तेही कारखान्यातच. तिथल्या मागच्या अंगणात चौकीदाराच्या दहा-बारा कोंबड्या मोकळ्या असायच्या आणि झाडून टाकलेला केरकचरा टिपायच्या. हळदीचा, मिरीचा, लसणाच्या पुडीचा. वस्तीत थंडीच्या दिवसांत कोंबड्या घरघरायला लागायच्या, माना टाकायच्या, आणि चौकीदाराच्या मात्र तुरे लाल ठेवून उंडारत असायच्या. जाऊबाईंनी हे सात हिवाळे बघितलं होतं. उगाच कुणी सांगितलं म्हणून ही बाई काही करत नाही.

पहिली पाच-सहा वर्षं विकतचं साधंच खाद्य घातलं, मग सुरू झालं मिसळण. शंभर किलो खाद्याला अर्धा किलो हळद, जवळजवळ तेवढीच वाळवलेल्या लसणाची पूड, आणि थोडी मिरी, थोडी दालचिनी. पण ते टाकायची रीत कारखान्याची. थेट ढिगात ओतलं की एका कोंबडीच्या तोंडी सगळा मसाला आणि दुसरीच्या तोंडी नुसता भरडा. म्हणून मसाल्याएवढंच खाद्य घ्यायचं आणि मिसळायचं. जेवढं झालं तेवढंच आणखी घ्यायचं, पुन्हा मिसळायचं. असं दुपटी-दुपटीने सात वेळा, तेव्हा कुठे शंभर किलो होतं. माझे खांदे भरून यायचे. एकदा मी कंटाळून पाचव्या वेळेलाच सगळं एकत्र लोटलं, तर बाईने मुठीत घेऊन, रंग बघून बरोबर पकडलं आणि मला पहिल्यापासून करायला लावलं. मी तणतणले, पण केलं.

आमच्या ह्यांना काळजी होती की मिरीने कोंबड्यांचं तोंड भाजेल. मग एक दिवस जाऊबाईंनी त्यांच्यासमोर लाल मिरचीची पूडच कोंबड्यांपुढे टाकली. कोंबड्यांनी साखरेसारखी टिपली. पक्ष्यांना तिखट लागतच नाही. ह्यांनी खात्री करायला चिमूटभर जिभेवर ठेवली आणि पाण्याच्या टाकीत तोंड घातलं. त्यानंतर त्यांनी या विषयात काही मत दिलेलं नाही.

अडचण आली ती अंडी संघाची. आमच्या भागात अंडी उचलतो तो संघच, दुसरं कुणी नाही. संघातून नाव गेलं म्हणजे चारशे कोंबड्या सरळ खाटकाकडे. आणि संघाचा नियम होता की खाद्याच्या छापील कागदावर जे आहे तेच घालायचं, बाहेरचं काही नाही. सचिव स्वतः शेडवर आले. माणूस वाईट नव्हता, हे मी आज म्हणू शकते. तेव्हा माझ्या तोंडात त्यांच्यासाठी वेगळे शब्द होते. तीन वर्षांपूर्वी एकाने आजारी कोंबड्यांना नुसता झाडपाला घालत रोग लपवला होता, आणि मानमोडीच्या साथीने पंधरा दिवसांत सगळ्यांच्या शेड रिकाम्या झाल्या होत्या. सचिवांनी स्वतःच्या हाताने सहाशे पक्षी पुरले होते. घरगुती उपाय म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं.

जाऊबाईंनी त्यांना खाट दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की मी एकही लस चुकवलेली नाही, वही बघा. मी याला औषध म्हणत नाही, खुराक म्हणते. आजारी पडल्यावर डॉक्टर आहेतच, मी पडायच्या आधीचं बघते. सचिव म्हणाले, नियम तो नियम. जाऊबाई म्हणाल्या, नियम माणसांनीच लिहिला ना, मग माणसंच तो खोडतील.

शेवटी ठरलं ते असं. शेडच्या मधोमध जाळी घालायची. डावीकडच्या दोनशेंना मसाल्याचं खाद्य, उजवीकडच्या दोनशेंना छापील कागदाचं. लस दोन्ही बाजूंना सारखी. तीन महिने, ऐन थंडीचे. संघाच्या डॉक्टर, एक तरुण मुलगी होती, गंभीर चेहऱ्याची, त्या येऊन रक्त तपासणार. मसाल्याची बाजू सरस ठरली तर नियम बदलायला बैठकीत हात वर करायचे. पण मध्ये एक जरी तक्रार आली, रोगाची किंवा अंड्यांची, तर प्रयोग तिथेच बंद आणि बाई संघातून बाहेर. मी जाऊबाईंना कोपरखळी मारली, की एवढं कशाला कबूल करता. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उलट म्हणाल्या, शेडच्या उजव्या अंगाला ऊन जास्त येतं, ती बाजू तुमच्या खाद्याला देते, उद्या कुणी म्हणायला नको. मी कपाळावर हात मारला.

थंडी पडली, आणि काय पडली! धुकं दहा-दहा वाजेपर्यंत हलायचं नाही. चहूकडे घरघर सुरू झाली. आम्ही रोज सकाळी कोंबड्यांखाली पसरलेलं तूस हलवायचो, पाण्याची भांडी घासायचो आणि मेलेली कोंबडी निघाली तर भिंतीवर खूण करायचो. अंड्यांवर पेन्सिलीने खूण असायची, हळदीच्या बाजूच्यावर टिंब, साध्या बाजूच्यावर रेघ. अडीच महिन्यांत भिंतीवर उजवीकडे अकरा खुणा झाल्या आणि डावीकडे चार. मी सगळ्या वस्तीला सांगत सुटले. जाऊबाई मात्र एक अक्षर बोलत नव्हत्या. त्या नुसत्या जाळीपाशी उभ्या राहून कान देऊन ऐकत. नाक नव्हतं, म्हणून कान. कुठली कोंबडी शिंकली, कुठल्या कोपऱ्यात, त्यांना बरोबर कळायचं.

मग मी दहा दिवस बहिणीच्या बाळंतपणाला गेले, आणि तेवढ्यात घात झाला.

मी परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवाला दारात. हा संघाचं जुनं गिऱ्हाईक, आमची अंडी थेट त्याच्याकडे जायची. सायकलीला ट्रे बांधलेले, हातात कागदात गुंडाळलेला केकचा तुकडा, आणि मागोमाग सचिव. बेकरीवाला रडकुंडीला आला होता. कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक परत आला होता. केकला लसणाचा वास येत होता, आणि लोकांना वाटलं की याने मुद्दाम थट्टा केली.

जाऊबाई ताडकन म्हणाल्या, माझ्या अंड्यांना वास नाही. त्याने ट्रे पुढे केला. त्यांनी त्यातलं एक अंडं वाटीत फोडलं, वाटी नाकापाशी धरली, छाती भरून श्वास घेतला, मान हलवली. म्हणाल्या, कुठे आहे वास? मग केकचा तुकडा घेतला आणि उभ्या उभ्या सगळा खाल्ला. "गोड आहे. चांगला आहे. काही झालेलं नाही याला."

मी तीन हातांवर होते आणि मला लसणाने शिंक यायची बाकी होती. बेकरीवाल्याचा जबडा खाली आला. सचिवांनी माझ्याकडे बघितलं, मी पायाच्या नखांकडे बघितलं. मला तेव्हा इतकं रडू आलं की सांगता येत नाही. त्या बाईला माणसं खोटारडी समजत होती, आणि त्या तर खरंच बोलत होत्या, त्यांच्यापुरतं.

सचिव म्हणाले, रविवारी बैठक आहे, तिथेच काय ते होईल. ट्रे ठेवून दोघं गेले.

मी जाऊबाईंना हाताला धरून पंपामागे नेलं आणि सांगितलं. येतोय वास. भरपूर येतोय. त्या माझ्या अंगावर धावून आल्या, की मग तिथे का तोंड शिवलं होतंस. मीही चिडले. म्हणाले, काय सांगायचं होतं मी, आणि कुणासमोर? आठ वर्षं गप्प बसवलंत ते तुम्हीच ना! त्या ओट्यावर बसल्या. एवढी मोठी बाई, पण त्या वेळी फार लहान दिसली. म्हणाल्या, म्हणजे खाद्यानेच झालं. मसाला अंड्यात उतरला. सात हिवाळे मी चुकीचं बघितलं.

पण माझं नाक शाबूत होतं, आणि डोकंही काही गहाण पडलं नव्हतं. मी परत आलेल्या ट्रेमधली अंडी एकेक फोडत गेले. टिंबवालं फोडलं, लसूण. रेघवालं फोडलं, तोच लसूण! ज्या कोंबड्यांनी अडीच-तीन महिने लसूण खाल्ला नाही, त्यांच्या अंड्यांनाही तोच भपकारा. मी शेडमध्ये पळाले, घरट्यांतून दोन्हीकडची ताजी गरम अंडी काढली, तिथेच फोडली. काही नाही. एकदम स्वच्छ. मग मी अंड्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि मागे सरले.

खिडक्या बंद. एका भिंतीला अंड्यांचे ट्रे. दुसऱ्या भिंतीला चार जाळीदार फळ्यांवर सोललेला, चिरलेला लसूण पसरलेला, वाळायला. धुक्याने पडवीत लसूण सुकेना, म्हणून मी नसताना जाऊबाईंनी तो आत आणून ठेवला होता. बंद, कोरडी खोली, लसणाला उत्तम. नाक असलेल्या कुणीही त्या खोलीत अंडी ठेवली नसती. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, ते शेजारचा वास ओढून घेतं, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात संघाने शिकवलं होतं. भाऊजी तिकडे फिरकत नाहीत, आणि आमच्या ह्यांना एकदा दोन ट्रे पाडल्यापासून त्या खोलीत बंदी आहे. दहा दिवस त्या घरात एकही नाक नव्हतं.

मी जाऊबाईंना दारापाशी आणून उभं केलं. त्यांनी फळ्यांकडे बघितलं, ट्रेकडे बघितलं. लसणाची एक फोड उचलून जिभेवर ठेवली, चावली आणि थुंकली.

मी म्हणाले, अहो, सुटलो की आपण. खाद्याचा दोष नाहीच. रविवारी हेच दाखवायचं. तर त्या म्हणाल्या, आणि मग ते विचारतील की बाई, तुम्ही नाकवाल्या, तुम्हाला या खोलीत कळलं कसं नाही?

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आठवड्यातून दोनदा तरी चाळणीवरच्या जुन्या बायका घरी यायच्या. घरी कुटलेला मसाला पुडीत घेऊन. बाई, बघा हो, जमलाय का. जाऊबाई पुडी नाकापाशी धरायच्या, डोळे मिटायच्या, बोटांनी चोळायच्या आणि म्हणायच्या, जमलाय, किंवा धने थोडे कमी. त्या बायका समाधानाने जायच्या. आठ वर्षं. हे उघडं पडलं तर त्यांची वस्तीत काय शोभा राहणार होती? आणि भट्टीवरच्या त्या माणसाने ऐकलं तर?

मी सांगितलं, सोपं आहे, माझ्यावर ढकला. म्हणा की धाकटीने लसूण आत ठेवला, तिला अक्कल नाही. वस्ती ताबडतोब विश्वास ठेवेल. त्या हसल्या नाहीत. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

रविवारी दुपारी संघाच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळे जमले. सतरा-अठरा सभासद, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात अंडी मोजायचं टेबल. चाळणीवरच्या दोन जुन्या बायकाही होत्या, कारण आता त्याही कोंबड्या पाळतात. एक मिरचीवाली, जिने मिरचीच्या यंत्रावर हात झिजवले, आणि दुसरी ठेंगणी, जी तेव्हा स्टुलावर उभी राहून चाळणी हलवायची. जाऊबाईंनी टेबलावर तीन टोपल्या ठेवल्या. एकीत सकाळची ताजी टिंबाची अंडी, दुसरीत ताजी रेघेची, तिसरीत त्या खोलीतली दोन्हीकडची. बेकरीवाल्याला म्हणाल्या, तुझं नाक पक्कं आहे, तूच फोड.

त्याने फोडली. पहिल्या दोन टोपल्यांवर मान हलवली, काही नाही. तिसरीला तोंड फिरवलं. डॉक्टर मुलीनेही वास घेतला, आणि शांतपणे सांगितलं की हे खाद्यातून नाही, साठवणीतून आलंय. मग तिने आपले कागद काढले. मसाल्याच्या बाजूच्या रक्तात लशीला मिळालेला प्रतिसाद थोडा बरा आहे, कोंबड्यांची मर कमी आहे. पण एका शेडवरून जग ठरत नाही, लशीची जागा हळद घेऊ शकत नाही, पुढच्या तलंगांवर पुन्हा बघावं लागेल. माझं मत विचाराल, ती म्हणाली, तर चालू राहू द्यावं. मला त्या मुलीचे पाय धरावेसे वाटले.

मग सचिव उठले आणि तोच प्रश्न आला. शांतपणे विचारला त्यांनी, पण विचारला. म्हणाले, बाई, लसूण आणि अंडी एका खोलीत, ती तुम्ही ठेवलीत? तुम्ही? आणि त्या दिवशी माझ्यासमोर तुम्ही ते अंडं हुंगून काही नाही म्हणालात. जो माणूस डोळ्यांदेखत खोटं बोलतो, त्याच्या भिंतीवरच्या खुणांवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?

मी उठले. तोंड उघडलं होतं मी, लसूण मी ठेवला म्हणून. शपथेवर सांगते.

"खाली बस," जाऊबाई म्हणाल्या. मी बसले.

"मला वास येत नाही. दहा वर्षं झाली. कारखान्यात असतानाच गेला. शेवटची दोन वर्षं मी तिथे फसवणूक केली, आणि माझ्यामुळे भट्टीवरच्या माणसाने बोलणी खाल्ली, त्याची मी उद्या जाऊन माफी मागणार आहे. त्या दिवशी मी खोटं बोलले नाही, मला खरंच काही कळलं नाही. लसूण मीच ठेवला. पण माझं नाक गेलं ते याच हळदीत, याच मिरीत, बावीस वर्षं श्वासात घेऊन. माझ्याकडून तिने जे घ्यायचं ते घेतलं. आता तिच्याकडून मी काय करून घ्यायचं, ते मी ठरवणार. मला संघातून काढायचं तर काढा. खाद्य बदलणार नाही."

आणि उभ्याच राहिल्या. मान वर.

मी मिरचीवालीकडे बघत होते, कारण मला भीती तिचीच होती. जिभेला हाड नाही त्या बाईच्या. ती उठली. हातातली पिशवी खुर्चीवर ठेवली. म्हणाली, "मलाही येत नाही."

कुणाला काही कळेना. ती म्हणाली, बारा वर्षं झाली. लाजेने बोलले नाही. म्हणून तर बाईंकडे पुडी घेऊन जाते, की निदान त्यांना तरी कळेल. मग ठेंगणी बसूनच, खाली बघत म्हणाली, मला थोडा येतो, पण फक्त रॉकेलचा.

मी त्या तिघींकडे बघतच राहिले. आठ वर्षं एक पुडी आणायची, एक हुंगायची, एक मान डोलवायची, आणि तिघींतल्या एकीलाही काही कळत नव्हतं. जाऊबाई मिरचीवालीकडे बघत होत्या. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

हात वर झाले. अकरा. सचिवांचा नव्हता त्यात, पण नवा नियम त्यांनीच त्यांच्या सुंदर अक्षरात वहीत लिहिला: लस चुकवायची नाही, मर त्याच दिवशी कळवायची, खाद्यात काय घातलं ते कागदावर लिहायचं, मग हळद घाला की मिरी. निघताना त्यांनी जाऊबाईंजवळ थांबून विचारलं, ते सात वेळा मिसळण्याचं नक्की कसं? जाऊबाई म्हणाल्या, सकाळी सातला या, घमेलं घेऊन.

दुसऱ्या दिवशी त्या खरंच भट्टीवरच्या माणसाकडे जाऊन आल्या. तो काय म्हणाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काही गोष्टी मीही विचारत नाही.

दुपारी मिरचीवाली आणि ठेंगणी आल्या. पुडी घेऊनच. सवयीने मिरचीवालीने ती जाऊबाईंपुढे धरली, मग तिघी थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. मी हुंगलं. धने जळके होते, साफ जळके. मी तसं सांगितलं. मिरचीवाली म्हणाली, मी कायम एवढेच भाजते. म्हणजे बारा वर्षं तिच्या घरी सगळे जळकं खातायत आणि भीतीने कुणी बोलत नाही. ठेंगणीला हसताना ठसका लागला. जाऊबाई एवढ्या हसल्या की जाळीमागच्या कोंबड्या उडाल्या.

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, चाळणीवर आता कोण आहे? ठेंगणी म्हणाली, नव्या मुली आहेत, वीस-बावीस वर्षांच्या. तोंडाला काही बांधतात का? काही नाही, तशाच. धुरळा तोच का? तोच.

जाऊबाई उठल्या, हळदीच्या बाजूला खाद्य घातलं, साध्या बाजूला घातलं, हात धुतले आणि चपला पायात सरकवल्या. मी विचारलं, कुठे? त्या म्हणाल्या, या दोघी येतीलच, तूही चल.

कारखान्याच्या फाटकावर तो जुना चौकीदार नव्हता, नवा होता. त्याने आम्हा चौघींकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि काय काम आहे म्हणून विचारलं.

"आमची तीन नाकं तुमच्या कारखान्यात राहिली आहेत," जाऊबाई म्हणाल्या. "चौथं बरोबर आणलंय. मालकांना बोलव."

तो आत गेला. आम्ही फाटकातच उभ्या राहिलो.